तीव्रता बरोबर होती

एकतीस वर्षं मी रॉटरडॅमच्या बंदरात दारू तपासली आणि त्यातला एक थेंबही कधी प्यायले नाही. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. मी म्हणते ती दारू बाटलीतून येत नाही, जहाजातून येते, टनांनी. कारखान्याच्या भाषेत तिला इथेनॉल म्हणतात. अत्तर, औषधं, शाई, रंग, हाताला लावायचा सॅनिटायझर, सगळ्यांत तेच असतं आणि जिनच्या बाटलीतही तेच असतं. रेणू एकच. फरक माणसांनी ठरवलेला.

आमची प्रयोगशाळा विकणाऱ्याची नव्हे आणि घेणाऱ्याचीही नव्हे, तिसऱ्याची. टँकमधून किंवा ड्रममधून नमुना काढायचा, तपासायचा, आणि माल सांगितला तसाच आहे का ते कागदावर लिहून खाली सही करायची. त्या कागदाशिवाय माल हलत नाही. मी एम.एस्सी. करून वर्ध्याहून आलेली मुलगी, माझ्या सहीवर जहाजं सुटायची, याचा मला माज होता. असू दे, खोटं कशाला बोलू.

या कामात एकच शत्रू लक्षात ठेवायचा असतो, मिथेनॉल. इथेनॉलचं सख्खं भावंड. रंग तोच, म्हणजे काहीच नाही. वास जवळपास तोच. वजनही जवळपास तेच. पोटात गेल्यावर मात्र आधी डोळे जातात आणि मग माणूस. ही दोन भावंडं वेगळी ओळखायची तर नमुना एका लांब नळीतून गरम करून पाठवावा लागतो. जो घटक हलका तो आधी बाहेर येतो, आणि कागदावर प्रत्येकाचा एकेक डोंगर उमटतो. मिथेनॉलचा डोंगर पहिला. या तपासाला वेळ लागतो. नुसती तीव्रता, म्हणजे पाण्यात अल्कोहोल किती, हे पाहायचं असेल तर घनता मोजली की पाच मिनिटांत आकडा मिळतो. पण त्या यंत्राला ही दोन भावंडं सारखीच वाटतात. हे आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात.

२०२०चा एप्रिल आठवा. सॅनिटायझरसाठी सगळा देश वेडा झाला होता. जिन बनवणारे सॅनिटायझर बनवू लागले होते, आणि ज्यांनी जन्मात काही बनवलं नव्हतं तेही ते विकू लागले होते. आमच्याकडे नमुन्यांची रांग लागलेली. अर्धी माणसं घरी, उरलेले आम्ही दीड-दीड मीटरवर उभे. अशात एका नव्या आयातदाराचे सॅनिटायझरचे ड्रम आले. नमुना काढायला मी स्वतः गेले. ड्रमवर लेबल होतं आणि त्याच्या कडेने खालचं जुनं लेबल डोकावत होतं. बनवणाऱ्याच्या नावाची जागा कोरी.

मी माझ्या मॅनेजरला, रूडला, विचारलं, "पूर्ण तपास करायचा ना?"

रूड माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, हुशार, सभ्य माणूस. त्याने ऑर्डर पाहिली. "त्यांनी फक्त तीव्रता मागितलीय."

"लेबलाखाली लेबल आहे, रूड."

"सुजाता, रांगेत चाळीस नमुने आहेत. हॉस्पिटलं थांबलीत. मागितलंय तेवढं दे."

मी दिलं. तीव्रता छान होती. सही केली. तो नमुना कपाटात राखीव ठेवला आणि पुढचा उचलला. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्यामागे घाई लावली होती हे खरं, पण पेन माझ्याच हातात होतं.

ऑक्टोबरात सरकारने रात्री आठनंतर दारूविक्री बंद केली. लोकांनी जमू नये, पार्ट्या करू नयेत, म्हणून. आठ वाजले की सुपरमार्केटमधल्या वाइनच्या फळ्यांवर पट्ट्या लागायच्या. आमच्या ओळखीतल्यांना याचा काडीचा त्रास झाला नाही. घरून काम करणारा माणूस दुपारी चारला सायकलवर जाऊन हवं ते आणू शकतो. ज्याची पाळी दुपारी दोनला सुरू होऊन रात्री दहाला संपते, त्याच्यासाठी मात्र ती बंदी चोवीस तासांची होती. सकाळी झोपायचं, उठून जेवायचं आणि गोदामाची बस पकडायची. हे मला तेव्हा सुचलं नाही. मला बंदी आवडली होती. मी दारूबंदीच्या जिल्ह्यात वाढलेली, दारूबंदीसाठी मोर्चे काढणाऱ्या बाईची मुलगी.

नोव्हेंबरात एका सकाळी गेटवरच्या माणसाचा फोन आला. "एक बाई आलीय. तुझं नाव घेतेय. आत सोडू शकत नाही."

बाहेर गेले. मास्क लावलेली, चाळिशीची, गोदामाचं जाड जाकीट घातलेली बाई. तिने पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढली, गेटजवळच्या बुटक्या भिंतीवर ठेवली आणि दीड मीटर मोजून मागे सरकली. दुसऱ्या हातात एक कागद होता. आमचं प्रमाणपत्र. खाली माझी सही.

"ही तुम्ही?" तिने तुटक डचमध्ये विचारलं.

"हो."

"मग हे काय आहे ते सांगा."

तिचं नाव दानुता. ती आणि तिचा नवरा प्योत्र पोलंडहून आलेले, ब्रेडाजवळच्या एका गोदामात माल भरण्याचं काम करायचे. राहायला मजूर पुरवणाऱ्या कंपनीने दिलेलं घर, एका घरात आठ माणसं. दारात आणि स्वयंपाकघरात सॅनिटायझरचे पाच लिटरचे कॅन. एका शनिवारी घरातल्या एका मित्राचा वाढदिवस होता. पाळी संपवून आले तेव्हा सगळं बंद. प्योत्रसह तिघांनी कॅनमधलं संत्र्याच्या रसात घालून प्यायलं.

"तो प्यायचा," दानुता म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं. "रोज नाही. पण प्यायचा. खोटं सांगणार नाही."

रविवारी डोकं दुखायला लागलं, उलट्या, धाप. घराची देखरेख करणाऱ्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, कोरोना असेल, खोलीतून बाहेर पडू नका, कुणाला बोलावू नका. त्यांनी ऐकलं. दीड दिवस आठ माणसं दारं लावून बसली. सोमवारी सकाळी प्योत्रने तिला विचारलं, "घरात बर्फ कसा पडतोय?" त्याला सगळं पांढरं, भुरभुरतं दिसत होतं. संध्याकाळपर्यंत तेही दिसेना. तेव्हा तिने कुणाला न विचारता ॲम्ब्युलन्स बोलावली. ज्याचा वाढदिवस होता तो वाटेत गेला. तिसरा थोडं प्यायला होता, तो वाचला.

आणि देखरेख करणाऱ्या माणसाने तिच्यापुढे हा कागद धरला होता. माल तपासलेला आहे, बघ, सही आहे.

आमच्याकडे खाजगी नमुने घेत नाहीत. मी घेतला. जेवणाच्या सुट्टीत यंत्रावर चढवला. पहिला डोंगर उगवला आणि वाढतच गेला. दुसरा, जो मोठा असायला हवा होता, तो त्याच्या बाजूला टेकाडासारखा. मग मी राखीव नमुन्यांच्या कपाटाकडे गेले. सहा महिन्यांनी ते नमुने टाकून द्यायचे असतात, पण कोरोनात कपाट साफ करायला कुणी आलंच नव्हतं. एप्रिलची बाटली तिथेच होती. तीही चढवली. दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. बारीकसारीक अशुद्धींचे छोटे उंचवटेसुद्धा जुळले.

मी तिथेच खुर्चीत बसले. या विषावरचा जुना उतारा माहीत आहे का तुम्हाला? शुद्ध दारू. ती वेळेत पोटात गेली तर शरीर आधी तिच्यामागे लागतं आणि मिथेनॉल विष बनण्याआधीच शरीराबाहेर पडतं. आता त्यासाठी वेगळं औषधही आहे. ते दीड दिवस खोलीत बसले नसते तर डॉक्टरांना काहीतरी करता आलं असतं.

रूडच्या टेबलावर दोन्ही कागद ठेवले. त्याने बराच वेळ पाहिले. त्याचा चेहरा उतरला, हे मी त्याच्या बाजूने सांगते.

"आपल्या प्रमाणपत्रात चूक काय आहे ते मला दाखव," तो शेवटी म्हणाला.

"चूक नाही."

"तीव्रता बरोबर होती?"

"बरोबर होती."

"मग हे कागद बाहेर जाऊ शकत नाहीत. एप्रिलचा नमुना ग्राहकाचा आहे. करार आहे. मी वकिलांशी बोलतो."

"रूड, एक माणूस मेलाय. दुसरा आंधळा झालाय."

"ते सॅनिटायझर प्यायले, सुजाता." तो हळूच म्हणाला, जणू मला ते समजलंच नव्हतं.

त्या वाक्याने माझ्या डोक्यात जे पेटलं ते अजून विझलेलं नाही. मिथेनॉल हाताला चोळायलाही चालत नाही. हॉस्पिटलं थांबलीत म्हणून जो माल घाईने सोडला, तो नर्सबायांनी दिवसातून पन्नास वेळा हाताला चोळला असता तर? ते पिण्यासाठी नव्हतं हे खरं. ते कशासाठीच नव्हतं. ते विष होतं आणि आम्ही त्याची तीव्रता मोजून दिली होती.

मी वकिलांची वाट पाहिली नाही. सरकारी तपासणी खात्याला सरळ पत्र लिहिलं, दोन्ही आलेख जोडले, एप्रिलमध्ये मी काय पाहिलं आणि काय केलं नाही तेही लिहिलं. एक प्रत दानुताला दिली. कॅन दोन दिवसांत सगळीकडून उचलले गेले. मला लेखी ताकीद मिळाली. करार मोडला होता, मिळणारच होती. यंत्रावरून काढून मला घरी बसवलं, इतरांच्या प्रमाणपत्रांतलं शुद्धलेखन तपासायला. आयातदार कंपनीचा पत्ता म्हणजे एक खोली निघाली, आणि त्या खोलीत कुणी नव्हतं. मजूर पुरवणाऱ्या कंपनीच्या वकिलाने दानुताला पत्र पाठवलं. तिने ते मला वाचायला आणून दिलं. उत्पादन त्याच्या हेतूविरुद्ध वापरलं गेलं, कॅनवर डचमध्ये स्पष्ट सूचना होती, त्यामुळे कंपनी जबाबदार नाही. प्योत्रला डच वाचता येत नव्हतं. पत्राच्या शेवटी इथल्या रीतीप्रमाणे एक शब्द होता, 'स्टेर्क्टे'. दुःखात असलेल्या माणसाला हे लोक असं म्हणतात, धीर धरा, बळ मिळो. दारूच्या तीव्रतेलाही डचमध्ये हाच शब्द आहे. माझ्या प्रमाणपत्रावर तो छापलेलाच असतो.

घरी बसले होते त्या काळात मराठी मंडळाच्या प्रशांतचा फोन आला. हा उइटहॉर्नला राहतो, आयटीतला, लॉकडाउनमध्ये दर रविवारी कुणाचं तरी ऑनलाइन व्याख्यान ठेवायचा. "ताई, तुमच्या कामाबद्दल बोला ना. जरा हलकंफुलकं. दारू वगैरे, लोकांना मजा येईल."

मी म्हटलं, अमेरिकेतल्या दारूबंदीबद्दल बोलते.

साठेक चौकोन होते पडद्यावर. पहिल्या दहा मिनिटांत दोघांनी पेले उंचावून दाखवले. मी बोलत राहिले. सांगितलं की १९२० ते १९३३ अमेरिकेत दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं घटनेनेच बंद होतं. ती बंदी आणण्यात बायकांचा मोठा हात होता, आणि त्या बायकांना मी हसणार नाही. नवऱ्याचा पगार गुत्त्यात जायचा आणि मार घरात यायचा, त्यांनी आणखी काय करायचं होतं? पण बंदी सगळ्यांना सारखी लागली नाही. पैसेवाल्याला चोरवाटेने चांगली व्हिस्की मिळायची, डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणूनही मिळायची. गरिबाला मिळायची ती कारखान्याची चोरलेली दारू. तिच्यात आधीपासून विष मिसळलेलं असायचं, लोकांनी पिऊ नये म्हणून. टोळ्यांनी केमिस्ट ठेवले, विष काढून टाकायला. मग सरकारने आपले केमिस्ट कामाला लावले आणि विष वाढवलं. त्यात मुख्य होतं मिथेनॉल. लोक ही दारू पिताहेत हे सरकारला ठाऊक होतं. तरी वाढवलं. माणसं आंधळी झाली, मेली. न्यूयॉर्कमध्ये प्रेतं तपासणाऱ्या सरकारी डॉक्टरनेच उघडपणे सांगितलं की हे थांबवा, गरीब मरताहेत. आणि बंदीचे पुढारी म्हणाले, कायदा मोडून पिणारा स्वतःच मरण ओढवून घेतो, त्यात सरकारचा काय दोष?

"सरकारचे केमिस्ट," मी म्हटलं. "माझ्यासारखीच माणसं. पांढरा कोट घातलेली, मोजून मिसळणारी. त्यांच्याही कागदांवर सगळं बरोबरच असणार."

मग पेला दाखवणाऱ्यांपैकी एकाने हात वर केला. ब्रेडाचा, लॉजिस्टिक्स कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. "मॅडम, सॉरी, पण टेक्निकली ते कायदा मोडतच होते ना? लोकांचीही काही जबाबदारी असते."

मी शांत राहायचं ठरवलं होतं. राहिले नाही. म्हटलं, "तुमच्या गावाजवळ गेल्या नोव्हेंबरात एक माणूस आंधळा झाला, एक मेला. त्यांनी कुठलाही कायदा मोडला नव्हता. सॅनिटायझर पिणं हा गुन्हा नाही, मूर्खपणा आहे, आणि मूर्खपणाला शिक्षा डोळ्यांची नसते. त्या मालावर माझी सही होती. तुम्ही ऑनलाइन मागवलेल्या वस्तू तो प्योत्र खोक्यात भरत होता. त्याची पाळी दहाला संपायची आणि दारू आठला बंद व्हायची. तुम्ही आत्ता पेला दाखवलात तो किती वाजता विकत घेतलात?"

प्रशांतने आभार मानले आणि कार्यक्रम संपवला. पुढे मंडळाने मला बोलावलं नाही.

तिकडे वर्ध्याला माझी आई भावाच्या मोबाइलवर ऐकत होती. चौऱ्याऐंशी वर्षांची. तिने तिच्या काळात वस्तीतल्या बायका गोळा करून गुत्ते बंद पाडले होते, मडकी फोडली होती, पुरुषांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून ती आम्हाला सांगायची, दारू घरात आली की पुस्तक बाहेर जातं. मी शिकले ती तिच्या त्या हट्टामुळे.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मला वाटलं शाबासकी देईल.

"त्यानं प्यायलाच नको होती," ती म्हणाली.

"आई, तू पण?"

"खरं ते खरं. नाही प्याला असता तर डोळे असते."

मी फोन ठेवला. तिच्यावर इतकी कधी चिडले नव्हते. रूड म्हणाला ते समजू शकत होते, वकील म्हणाला ते त्याचं कामच. पण हिने आयुष्यभर दारुड्यांच्या बायकांसाठी भांडण केलं होतं. आठवडाभर मी तिला फोन केला नाही.

मधल्या काळात प्योत्रला भेटून आले. दानुताने बोलावलं होतं, कारण त्याला आलेख समजून घ्यायचा होता. मी पेनने रेघ दाबून गिरवली, म्हणजे कागदाच्या मागून बोटाला लागेल. त्याचं बोट पहिल्या डोंगरावर चढवलं, उतरवलं, मग टेकाडावर नेलं. त्याने दोनतीनदा स्वतः फिरवून पाहिलं.

"एप्रिलमध्ये हे दिसलं असतं?" त्याने विचारलं.

"यंत्रावर लावलं असतं तर दिसलं असतं. वीस मिनिटांचं काम होतं."

त्याने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवला. दानुताने कॉफी केली होती, ती मी कशीबशी प्यायले आणि निघाले. ते पुढच्या वर्षी पोलंडला परत गेले. खटला उभा राहिला नाही. मी मुदतीआधी निवृत्ती घेतली. आमच्या प्रयोगशाळेत आता सॅनिटायझरचा पूर्ण तपास न मागणाऱ्या ग्राहकाचा माल घेत नाहीत, तो नियम रूडनेच केला. त्याच्यात माझं नाव नाही, प्योत्रचंही नाही.

तो अबोल्याचा आठवडा संपल्यावर मीच आईला फोन केला. सावरून बोलायचं ठरवलं होतं. पण तिने आधी विचारलं, "त्या माणसाच्या बायकोचं नाव काय?"

"दानुता."

ती म्हणाली, "आपल्या वस्तीत शंकर होता, हमाली करायचा. तू कॉलेजात होतीस. विषारी दारू पिऊन मेला. सगळी वस्ती गेली होती त्याच्या घरी. मी गेली नाही. मी बायकांना सांगितलं, जाऊ नका, लोकांना धडा मिळाला पाहिजे. चार-पाच जणी माझं ऐकून गेल्या नाहीत. त्याची बायको विमल, ती आमच्या मोर्चात पुढे असायची. त्यानंतर आली नाही."

"ती आहे अजून?"

"आहे. मुलाकडे राहते, मागच्या गल्लीत."

दोन दिवसांनी भावाने सांगितलं की आई मास्क लावून, त्याचा हात धरून मागच्या गल्लीत गेली होती. संध्याकाळी मी तिला विचारलं, "काय म्हणाल्या विमलकाकू?"

"म्हणाली, आता कशाला आलीस."

"मग?"

"मी म्हटलं, तेव्हा यायला पाहिजे होतं. तिनं बस म्हटलं नाही. तुझा भाऊ म्हणे, चल आई, परत जाऊ." आईचा श्वास फोनवर ऐकू येत होता. "मी गेली नाही. तिच्या पायरीवर मीच बसली."